बिनगुळाचा चहा

कुंडल,
बुधवार

प्रिय संयू,

हातात फोन असताना आईनं पत्र का लिहावं, असं वाटेल तुला. फोनवर बोलायचं तर तुझे आप्पा जवळच बसलेले असतात, आणि हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून निघायचं नाही. लिहितानाही चारदा उठले. मघाशी त्यांच्या कपाळाला घाम नाही ना, म्हणून हात लावून बघितला, तर म्हणाले, "आगं, मी काय तान्हं लेकरू हाय व्हय?"

परवा शेतात चालता चालता ते बांधावर मटकन बसले. अंग घामानं डबडबलं, हात थरथरायला लागले. शेजारच्या केरबानं मोटरसायकलवर घालून घरी आणलं. उपकेंद्रातल्या मिस्बाह सिस्टर धावत आल्या, बोटाला सुई टोचली. साखर एकसष्ट. वाढलेली नव्हे, उतरलेली! साखरेचं पाणी पाजलं तेव्हा माणसात आले. सिस्टरांनी सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी संध्याकाळची गोळी थांबवून शुक्रवारी बोलावलंय. घाबरू नकोस, आज बरे आहेत. पण जाताना सिस्टर म्हणाल्या, "काकू, गोळी तीच, जेवण तेच, मग एवढी उतरली कशी?" मी भांडी आवरायच्या निमित्तानं आत पळाले.

दिवाळीतलं तुझं भांडण सारखं आठवतंय. तीन महिन्यांच्या साखरेची टक्केवारी नऊच्या वर गेली म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्यांदा गोळी वाढवली होती. रोजचं चालणं होतं, भात निम्म्यावर आणला होता, तरी आकडा हलेना. तू फणकारलीस, "आप्पा, रिपोर्ट खोटं बोलत नाही, तुम्ही बोलता." ते तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी आण, मी हातानं गुळाचा खडा उचलला न्हाई." तू मानलं नाहीस, की नंतर त्यांच्याशी बोललीही नाहीस. ते मात्र साताऱ्याच्या एसटीची वेळ झाली की फाट्याकडं बघत बसतात.

आता ऐक, आणि पत्र फाडू नकोस. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्याचं काम केलेला माणूस. पाक बोटावर घेऊन गूळ कसा उतरणार ते सांगायचा. गोड बंद झाल्यापासून चहाचे दोन घोट घ्यायचे आणि कप बाजूला ठेवायचे. मला बघवेना. वाटलं, वाईट ती कारखान्यातली साखर. गूळ आपल्या डोळ्यांदेखत शिजलेला, बाळंतिणीलासुद्धा देतो, तो काय वाकडं करणार? तू आणून दिलेल्या गोडीच्या थेंबांची बाटली मी मोरीत ओतली आणि तिन्ही वेळच्या चहात गूळ घालत गेले. हात आखडता घेतला असंही नाही. त्यांना सांगितलं, थेंबच आहेत.

मागच्या आठवड्यात सिस्टरांनी बायकांची बैठक घेतली. म्हणाल्या, "रक्तात गेल्यावर गूळ काय आणि साखर काय, एकच." त्याच दिवशी गूळ बंद केला, कुणालाही न सांगता. वाटलं, चूक निस्तरली. पण गोळ्या वाढल्या होत्या त्या माझ्या गुळापायी, हे डोक्यातच आलं नाही. गूळ गेला, गोळ्या तेवढ्याच राहिल्या. चौथ्या दिवशी ते बांधावर बसले. काही बरंवाईट झालं असतं तर? हाच विचार पाठ सोडत नाही बघ.

आज सकाळी बिनगुळाचा चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्याला. कप पालथा घातला आणि म्हणाले, "शुक्रवारी डॉक्टरला समदं सांग. कवापासनं, किती, ते बी. मी शेजारी बसतो." तुम्हाला ठाऊक होतं, तर प्यालात कशाला, असं विचारलं. म्हणाले, "गुळव्या हाय मी, एका घोटात वळखलं. पर तू लय मायेनं करत व्हतीस, तुझं मन मोडवंना."

म्हणून हे पत्र. वाजिदभाई उद्या गुळाचा टेम्पो घेऊन साताऱ्याला येतोय, त्याच्या हाती देते. डॉक्टरांना मी माझ्या तोंडानं सांगेन, सिस्टरांनाही सांगेन. पण त्याआधी तू आप्पांना फोन कर. त्यांनी तुझी आण खोटी घेतली नव्हती, संयू. गुळाचा डबा मी उघडत होते. गप्प राहून प्याले, ही त्यांची चूक आहेच. त्यावरून भांडायचं असेल तर घरी येऊन भांड.

तुझीच,
आई