आप्पांच्या काठीची घंटा

१५ नोव्हेंबर १९६५, सोमवार. बोईसर
दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची मुलींची शाळा सुरू, पुन्हा शिकवणं. पाचला घरी आले तो आप्पा ओट्यावर, आणि शेजारी एक ट्रक ड्रायव्हर. उत्तरेकडचा, दाढीत सिमेंट. तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललंय, तिकडचा. कुंभवलीच्या रस्त्यावर आप्पांनी ट्रकला हात केला म्हणे, "टपाल आहे" म्हणून. यानं गाडीत घालून आणलं. या महिन्यात तिसऱ्यांदा. दर वेळी आणणारा निराळा.
घर कसं कळलं? "सबको मालूम है."
ते "सबको" मला आवडलं नाही. काय हवं विचारलं, तर पाणी. दोन तांबे प्यायला, गेला.
एवढ्यावर भागेल असं वाटत नाही. माझ्या शाळेत पहिलीत घालायची मुलगी असणार याची. जूनमध्ये कळेल.

१६ नोव्हें.
घरमालकीण काकींशी वाद. म्हणतात, बाय, लोक आनून सोडतात तं सोडू दे, तुझं काय जातंय?
काय जातंय ते मी कुणाला सांगणार. आप्पांनी चौतीस वर्षं साताऱ्याकडे टपाल वाटलं. आता पोटच्या मुलीचं नाव विसरतात, फेरी विसरत नाहीत. दुपारी दोन वाजले की मी तपासायला आणलेल्या मुलींच्या वह्यांतले कागद घडी करून खिशात, काठी हातात, की निघाले. मी शाळेत. पुढच्या दाराला कडी लावली तर परसदारानं. रस्त्यावर दिवसभर ट्रक, दोन्ही बाजूंना पुरुषभर गवत. माझं एकच माणूस उरलंय, ते असं हिंडतं.

१८ नोव्हें., गुरु.
आज एक वारलीण. गवत कापणारी. डोक्यावरचा भारा रस्त्यात टाकून कोसभर आप्पांबरोबर चालत आली. चहा दिला, पायरीवर बसून प्यायली. कनवटीला आप्पांनी दिलेला कागद खोचलेला. पाहिला तर तिसरीच्या परीक्षेतला भागाकार. परत मागितला. म्हणाली, "माझं पत्र हाय. नाय द्यायची."
भागाकार चुकलेला होता, तेवढंच समाधान.
जाताना आप्पांना म्हणाली, उद्या माज्या बहिनीचं बी आन.
हसत होती की काय, कळलं नाही. माझ्यावर नक्की हसली असणार.

२० नोव्हें., शनि.
अर्धी शाळा, मग बाजार. चारला घरी येते तो खडाक खडाक आवाज. आप्पांच्या काठीला, मुठीखाली, गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा! वाखाच्या दोरीनं घट्ट बांधलेली, गाठ अशी की नखानं सुटेना. कोणी बांधली? आप्पा म्हणाले, एक जण होता.
म्हणजे आता आमच्या घरात बैल आहे. गावानं ठरवलं आणि घंटा बांधून मोकळं झालं. येताना ओढ्यावरच्या बायका माझ्याकडे बघून बोलत होत्या, त्याचा उलगडा झाला. चांगुलपणा चांगुलपणा म्हणतात तो हाच. आधी म्हाताऱ्याला घरी आणायचं, मग त्याचा तमाशा करायचा.
विळीवर दोरी कापली. घंटा ट्रंकेत टाकली.

२१ नोव्हें., रवि.
आप्पा सकाळपासून काठी कानाशी धरून हलवतायत. खाटेखाली शोधलं, चुलीमागे शोधलं. मग मला म्हणाले, "बाई, माझी काठी मुकी झाली."
मला बाई म्हणतात. मुलगी आहे हे गेलंच.
ट्रंक उघडली नाही.

२२ नोव्हें.
संशयितांची यादी: वाणी (तराजूवर अंगठा ठेवणारा माणूस आणखी काय करणार नाही?), तो ड्रायव्हर, भागाकारवाली, आणि काकी. काकींचं नाव लिहून खोडलं. मग परत लिहिलं.
परसदाराला कुलूप आणलं.

२४ नोव्हें., बुध.
हात दुखतोय तरी लिहून ठेवते.
सकाळी विहिरीवरून आले तर आप्पा नाहीत. कुलूप दुपारसाठी होतं, ते सकाळीच निघाले. मुख्याध्यापकांना चिठ्ठी पाठवली आणि शोधत निघाले. स्टेशन, पोस्ट, बाजार. कुठेच नाही. बारा वाजले, एक वाजला. तारापूर रस्त्यानं चालत होते तो मागून ट्रक येऊन थांबला. तोच दाढीवाला. बैठिए म्हणाला. मी नको म्हटलं. तो नुसता थांबला, इंजिन चालू ठेवून. शेवटी चढले. आयुष्यात पहिल्यांदा ट्रकमध्ये.
दोन्हीकडे गवत. त्यानं विचारलं, "बाबूजी की घंटी कहाँ गई? शनीचर को सुनी थी, फिर नहीं."
म्हटलं, कसली घंटी.
"लाठी वाली. उसी को सुनकर तो उस दिन हम लोगों ने गाड़ी धीमी की. घास में आदमी दिखता कहाँ है?"
मी काढली, म्हटलं.
त्यानं गियर बदलला.
पुढे गवत कापणारे ओळीनं बसलेले. तो उतरून त्यांच्याशी बोलला. मी विचार करत होते, आता काय सांगेन, माझ्याच हातानं काढली म्हणून? ती भागाकारवाली उठली. तिनं हाक दिली, आणि ओळीतले सगळे विळे एकदम थांबले. कोणी खोकलं नाही. एका बाईनं कडेवरच्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. तशी सगळी ओळ बसली होती, ऐकत. मग शंभर पावलं पुढे जाऊन पुन्हा तसंच. असं दुपारभर. कापायचं काम पडून राहिलं.
उन्हं उतरताना एकानं हात वर केला. ओहोळाच्या कडेला आप्पा. पाय मुरगळलेला, अंगावर मुंग्या, कागद छातीशी धरलेले, कण्हत होते. इतकं बारीक कण्हणं. विळे चालू असते तर ऐकू आलं नसतं.
गवताच्या भाऱ्यावर निजवून ट्रकपर्यंत आणलं.
मी कोणाला काय हवं ते विचारलं नाही.

२६ नोव्हें.
आप्पांना ताप. पायाला हळद. ओट्यावर सकाळी शहाळी, दुपारी कसलीशी मुळी फडक्यात बांधून, उगाळून लावायची म्हणे. कोणी ठेवली, काकींनाही ठाऊक नाही. निदान तसं म्हणतात.
एवढं करून मागत काहीच नाहीत. हे जास्त अवघड. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

२९ नोव्हें., सोम.
ताप उतरला. काकींना शेवटी विचारलंच. घंटा कोणी बांधली, आणि थट्टेनं ना?
काकी भात पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं. "रानात चरायला सोडलेलं जनावर चुकू नये म्हनून बांधतात, बाय. नकोशा ढोराला कोन घंटा बांधतो?"
पुढे म्हणाल्या, कोनी बांधली त्याचं नाव कशाला? नाव कललं की तू त्याच्यावर बी संशय घेशील.
मी त्यांच्या सुपातले खडे वेचून दिले. माझ्यासाठी नवीन.

३० नोव्हें.
ट्रंक उघडली. घंटा काढून काठीला बांधली. माझी गाठ सरकते. तीनदा बांधली, तीनदा सरकली. चौथ्यांदा शिवणाचा दोरा गुंडाळला. आप्पांनी हलवून पाहिली आणि इतके खूश झाले की मला एक पत्र दिलं. कोरं.
ठेवलंय.

२ डिसें., गुरु.
आप्पा लंगडत पुन्हा फेरीवर. परसदाराचं कुलूप मीच काढलं. चारला परत, एकटे, काकींनी पाहिलं. माझा दोरा गेलेला, त्या जागी वाखाची दोरी, तीच गाठ.
कोण होतं आप्पा?
"एक जण होता. त्याचं पत्र दिलं."
ही गाठ बांधणारा जूनमध्ये पोरीला घेऊन आला तर? आला तर येऊ दे. नाव घालीन. पण आधी भागाकार विचारीन.

३ डिसें., शुक्र. दु. ३ वा.
हे वर्गात बसूनच लिहितेय. खिडक्या उघड्या ठेवल्यात, धूळ येते तरी. पाऊण तास घंटा ऐकू येत होती, आधी शाळेच्या कुंपणापाशी, मग ओढ्याकडे, मग रस्त्याच्या बाजूला. आत्ता थांबली.
काकी म्हणतात, थांबली म्हणजे बसला असेल, नाहीतर कोणाला पत्र देत असेल. तसंच असेल.
एक ट्रक येतोय. हळू झालाय का, कळत नाही.
मुलींनी सातचा पाढा मध्येच सोडला. मी थांबा म्हटलं नव्हतं. पहिल्या बाकावरची गंगी खिडकीकडे कान करून बसलीय, तिच्यामागे सगळ्या. पाटीवर पेन्सिल कोणाची वाजत नाही.
मीही पेन खाली ठेवतेय