तुमचा एकुलता लाल नमुना

सर, तुमचं ते पितळी भिंग मला एक हातभर फडकं आणि एका वाक्याची चुप्पी, एवढ्याला पडलं. तेव्हा स्वस्त वाटलं होतं. आज कामतघरला माझं स्वतःचं डाईंग, कापड रंगवायचा कारखाना आहे आणि येईल त्या व्यापाऱ्याला मी छाती ठोकून सांगतो, "सेठ, अपना कलर समुंदर में डालो, नहीं छूटेगा." सेठ हसतात, माल उचलतात.

तुम्ही आम्हा कॉलेजच्या पोरांना ओहोटीला किनाऱ्यावर नेलंत तो दिवस. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तुम्ही खडकावर उभे आहात आणि सांगताय: समुद्री शेवाळाला मूळ नसतं, नुसती पकड, हिरवं, तपकिरी, लाल अशी तीन घराणी, पण डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर जाऊ नका, उन्हात लालही हिरवट पडतं. याच्या आडोशाला मासे वाढतात, आपल्या श्वासातही याचा वाटा आहे. मी आतल्या दिघाशी गावचा, समुद्र पहिल्यांदाच बघत होतो. एक पातळ पान उचलून विचारलं, "सर, हा हिरवाच हाय ना?"

"हिरवाच हाय," तुम्ही माझी नक्कल केलीत. "पण याच्यासारखाच कागदी एक लाल भाऊ असतो. वीस वर्षं शोधतोय. दिसला तर सांग रे, कापडवाल्या." कॉलेज सुटलं की मी डाईंगमध्ये ड्युटी करायचो, म्हणून हे नाव.

ओलेच नमुने कागदावर पसरायचे, वर पांढरं मलमल घालून वजनाखाली दाबायचे, हे काम तुम्ही मला दिलंत. शेवटच्या कागदाला मलमल पुरलं नाही, तेव्हा मी खिशातलं लाल फडकं घातलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर माझं हिरवं पान जांभळट लाल झालेलं, भोवतीचा कागद गुलाबी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही मोतीबिंदूचे डोळे कागदाला भिडवलेत. "सापडला! बघ, कागदावरही उतरलाय. मेल्यावर लाल शेवाळ असाच रंग सोडतं." मागून शिपाई पुटपुटला, "सर रडतात की काय?" डाईंगशेजारच्या शंभर लूमच्या, यंत्रमागांच्या खडखडाटात तुटलेला एक धागा मला ऐकू येतो, तुमच्या आवाजात तेव्हा काय जुळलं, तेही ऐकू आलं. खरं बोलायला जीभ उचलेना, म्हणून आडवाटेनं विचारलं, "सर, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघूया? हिरव्यात पेशींचे दोन थर, लालमध्ये एक, तुम्हीच सांगितलंत."

"वेडा आहेस का? एकच तर आहे," म्हणालात, आणि बक्षीस म्हणून भिंग माझ्या हातात ठेवलंत.

तो कागद तुम्ही जाईपर्यंत तुमच्या कपाटात वरच्या खणात राहिला. येईल त्याला दाखवायचात, शोधणारा म्हणून माझं नाव सांगायचात. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

या पत्राची घडी भिंगाच्या डबीत ठेवतोय. ते लाल फडकं मी माझ्या हातानं रंगवलेलं पहिलं कापड होतं. समुद्राच्या पाण्यात त्याचा रंग एक रात्रही टिकला नाही.