हॅरोबीच्या कपाची खरी हकीकत

मी, उन्मेष दिलीप पाठारे, वय अठ्ठेचाळीस, व्यवसाय फुटबॉल प्रशिक्षक, राहणार हौगांग, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवीत आहे. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तरी त्यांच्या संमतिपत्रावर सही करताना जे वाचले, त्यानंतर हे काम पुढे ढकलवेना. याची इंग्रजी प्रत वकिलांनी केली आहे. इंग्रजीत मी आजवर फक्त करारांवर सह्या केल्या. मनातले लिहायला मला आईची भाषाच लागते.

१. हौगांगचा फ्लॅट माझ्या व पत्नी मधुमतीच्या संयुक्त नावावर आहे. तो तिचाच राहील. सीपीएफचे, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचे, नॉमिनेशन वेगळे केले आहे. बाकी सर्व बचतही तिचीच. तिच्या बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, आणि गुडघे संपलेल्या माणसाला तिने "आता काय करणार?" असे एकदाही विचारले नाही.

२. माझे बूट, शिट्ट्या, शंकू व जाळ्या मी शिकवतो त्या मैदानावरच्या मुलींच्या संघाला द्याव्यात. बूट जुने आहेत, पण चामडे चांगले आहे.

३. कन्या इरा हिला माझी गोलांची वही. १९९६ ते २०११ या काळात इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनांत मी अकरा क्लबांकडून ३८८ सामने खेळलो आणि ९१ गोल केले. करार बहुधा वर्षाचे. तीन क्लबांत तर मी उसना दिलेला खेळाडू होतो. मे महिना आला की आई, अरुणा, फोनवर विचारायची, "आता कुठलं गाव रे?" प्रेक्षकांतून माझ्या रंगावरून काय काय ओरडले जाई ते वहीत लिहिलेले नाही. गोल कोणत्या मिनिटाला, कोणत्या पायाने झाला, एवढेच आहे. इरा, तेवढेच वाच.

४. ज्या क्लबने मला पाय प्लास्टरमध्ये असताना करारातून मुक्त केले आणि ते पत्र शेजारच्या घरी टाकले, त्याच्यावरचा राग मी कोणालाही वारशाने देत नाही. तो माझ्याबरोबर जाईल.

५. आता हॉलमधल्या चांदीच्या कपाविषयी. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

मे २००४. माझ्या तेव्हाच्या क्लबचा, हॅरोबी टाउनचा, हंगामातला शेवटचा सामना. जिंकलो तर लीगमध्ये राहणार, नाहीतर बाहेर. एकोणनव्वदावे मिनिट, शून्य-शून्य. डावीकडून क्रॉस आला. समोरचा गोलकीपर ओवेन आपल्याच बचावपटूवर आदळून पडला आणि चेंडू माझ्या पायाशी आला. सहा यार्ड, समोर रिकामा गोल. मी मारला, आणि चेंडू कॉर्नरच्या झेंड्यापलीकडे गेला. मग ओवेनकडे पाहिले. तो निळा पडत चालला होता. मी धावलो, त्याला कुशीवर वळवले, घशाशी अडकलेला तुटका दात बोटाने काढला. माझी आई नर्स. तिने घरात आम्हा सर्वांना हे शिकवले होते.

सगळे स्टेडियम उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पडलेल्या माणसासाठी मी गोल सोडला, असे त्यांना वाटले. ड्रेसिंग रूममध्ये मॅनेजर टेरी हॅलम समोर येऊन उभा राहिला.

"मुद्दाम बाहेर मारलास?"

मी "हो" म्हणालो.

"मग मला काही बोलायचं नाही," तो म्हणाला.

खरे असे की माझा डावा पाय चिखलात घसरला. मी चुकलो. त्या क्षणी मला वाईट स्ट्रायकर होण्यापेक्षा भला माणूस होणे सोपे वाटले. आम्ही लीगमधून बाहेर पडलो. क्लबच्या मालकांनी टेरीला विचारले, तुझे खेळाडू असे शिकतात का? त्याने माझी बाजू घेतली आणि जूनमध्ये त्याला काढले. पुढे कोणत्याच क्लबने त्याला बोलावले नाही. तो निवृत्त होईपर्यंत पार्सलची व्हॅन चालवत होता. मला खिलाडूवृत्तीचा कप मिळाला. त्या कपाच्या ओळखीवर मला इथली प्रशिक्षकाची नोकरीही मिळाली.

गेल्या डिसेंबरात ओवेन कुटुंबासह सिंगापूरला आला. दरवर्षी नाताळला तो मला कार्ड पाठवतो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाद्यबाजारात, चिकन राइस खाता खाता मी त्याला सगळे सांगून टाकले.

तो म्हणाला, "तुझा पाय घसरला होता. व्हिडिओत दिसतं. वीस वर्षं ठाऊक आहे मला."

"मग कार्ड कशाला पाठवतोस?"

"बाकीचे रेफरीकडे धावले, तू माझ्याकडे आलास. ते काही घसरून झालं नाही."

घरी येऊन मी मधुमतीला आणि इराला बसवून सांगितले. इरा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "म्हणजे पप्पा, तू फक्त मिस केलंस, लाह? अँड मी शाळेत त्यावर एसे लिहिला!" आणि दार आपटून खोलीत गेली. दोन दिवस बोलली नाही. ते मी कमावलेले होते.

टेरीला हे माझ्यामागे पत्राने कळवावे, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. मधुमतीने तो वाचला. "मेल्यावर खरं बोलायला कुठं छाती लागते? फोन कर."

केला. टेरी शहात्तर वर्षांचा आहे. मी बोलत गेलो, तो ऐकत गेला. शेवटी त्याने विचारले, "बुटांच्या तळाला स्टड कोणते होते?"

"छोटे."

"चिखल होता म्हणून मी त्या दिवशी सगळ्यांना लांब स्टड लावायला सांगितलं होतं." आणि फोन ठेवला.

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी त्याचाच फोन. "माझी नोकरी तुझ्या पायानं घालवली असती तर मी केव्हाच माफ केलं असतं, उनी. पाय सगळ्यांचे घसरतात. तू माझ्या तोंडावर खोटं बोललास." मग तो म्हणाला, "ऑपरेशन कधी आहे? झाल्यावर कळव. बायकोला सांग कळवायला, तुझ्यावर भरवसा नाही."

सबब, शस्त्रक्रियेचा निकाल काहीही लागो, मधुमतीने पहिला फोन टेरी हॅलम यास करावा. कप ओवेनकडे पाठवावा. त्याने तो हवा तसा वापरावा किंवा टाकून द्यावा.

६. माझ्या मागे बोलताना कोणीही "त्याने गोल सोडला" असे म्हणू नये. चुकला, असे म्हणावे.

७. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी माझे मित्र विश्वास गोगटे, राहणार बुओना व्हिस्टा, यांस नेमतो. त्यांना फुटबॉलमधले काही कळत नाही, म्हणूनच.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि तो खरा आहे. साक्षीदारांनी व मी एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या आहेत.

सही: उन्मेष दिलीप पाठारे

साक्षीदार:
१. राधिका चौबळ, हौगांग
२. कुशल धारप, हार्बरफ्रंट

स्थळ: सिंगापूर
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२६