बाबांचा आवाज

ताई,

तू उठशील तेव्हा मी डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याच्या दारात बसलेलो असेन. काल हॉस्पिटलात बाबांचं दोन तास रेकॉर्डिंग केलं, ते उघडतच नाहीये. रॉ, म्हणजे सिनेमावाले घेतात तसा कच्चा व्हिडिओ माझ्या कॅमेऱ्यात साठत नाही, केबलने बाहेरच्या मॉनिटरला जातो आणि त्याच्या डिस्कवर उतरतो. शेवटी मॉनिटरची बॅटरी संपली आणि फाइल नीट बंद न होता अर्धवट राहिली. तू म्हणाली होतीस, फोनवर घे, पुरे झालं. मला मात्र सगळं सिनेमासारखं हवं होतं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. आज सकाळी अकराला त्यांना घशाच्या ऑपरेशनला नेतील. नंतर आवाज राहणार नाही, हे त्यांनी मुकाट्याने मान्य केलंय, कारण तो माझ्याकडे जपून ठेवलाय असं त्यांना वाटतंय.

तू लवकर जा. फोन त्यांच्या उशाशी ठेव, रेकॉर्डिंग चालू कर आणि त्यांना बोलतं कर. मी कुठे उलथलोय म्हणून माझा उद्धार करतील. करू देत. दर वेळेसारखी मध्ये माझी बाजू घेऊ नकोस.