पोटातले सभासद

ती. प्रयागवन्सं यांना काटेवाडीहून माधवीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्याकडं उजनी धरणाचं पाणी उतरून पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं म्हणे. पायांची सूजही तशीच उतरली असेल, असं धरून चालते. इकडं मी मजेत आहे. (सोमवारी बारामतीला दवाखान्यात दाखल व्हायचंय, सोबत माणूस आणा म्हणालेत, एवढंच.)

झालं असं, की लघवीची जळजळ काही केल्या हटेना. नेहमीच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या संपवल्या, शेवटी तपासणी केली. डॉक्टर पोरसवदा, पण समजावून सांगायची हौस दांडगी. म्हणाले, आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, अगदी निरुपद्रवी. मला तर ते साखर कारखान्याच्या वार्षिक सभेतले मागच्या रांगेतले सभासद वाटले: चहा घेतात, हात वर करतात, घरी जातात. पण मी ऊठसूट अँटिबायोटिक खाल्ल्यामुळं त्या गरिबांनाही औषधाला पुरून उरायची विद्या आली, आणि ती त्यांनी रोगाच्या जंतूंना फुकटात शिकवली. आता गोळीला कुणी जुमानत नाही, सलाईनमधूनच औषध द्यायचं. माझ्या पोटात एवढी शिकवणी चालते आणि घरात बोलायला माणूस नाही, ही गंमत बघा.

एवढ्या गोळ्या का खाल्ल्या, हे डॉक्टरांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. तुमचे भाऊ गेल्यापासून संध्याकाळी घरात कुकरच काय तो बोलतो. पोटची लेक उत्कर्षा पुण्याहून रविवारी फोन करते, त्यातच तिची भाजीही निवडून होते. मेडिकलवाला राजवर्धन मात्र स्टूल पुढं सरकवून विचारायचा, "काकू, आज काय दुखतंय?" नुसतं बसायला आले, असं कसं म्हणायचं? मग घसा दुखायचा. दोन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. (बरं लगेच वाटायचं, कारण मुळात दुखतच नव्हतं.)

असो. काळजीचं कारण नाही. तुमच्या नातीला, स्वरालीला पापा.

तुमची,
माधवी

ता. क. – सोबतीचं मी बघते. वर्षश्राद्धाची आमटी मी पातळ केली म्हणून तुम्ही बोलणं टाकलंय, ते खुशाल चालू ठेवा. आमटी पातळच होती, पण ती तुम्ही केली होती.

आणखी एक – दवाखान्यातल्या बाईनं सोबत कोण येणार विचारलं. तोंडातून तुमचंच नाव गेलं. "येतील का नक्की?" म्हणाली. म्हटलं, "भांडायला तरी येतील."

मला खोटं पाडू नका, वन्सं.