साहेबाचे बेदाणे

नाना,

माझी पहिली तक्रार सायकलच्या सीटबद्दल आहे, आणि ती नोंदवून घेतल्याशिवाय मी पुढचा मजकूर लिहिणार नाही. तुमच्या सायकलची सीट रुंद होती, खाली दोन जाड स्प्रिंगा होत्या, आणि तिच्यावर बसून दिंडोरीला जाऊन आलेला माणूस घरी येऊन पाटावर मांडी घालून जेवू शकत असे. फ्रान्समध्ये मला भाड्याने मिळालेल्या सायकलची सीट म्हणजे उलथन्याला चामडं चढवलेलं. सहा दिवस मी त्या उलथन्यावर होतो. परत आखातात येऊन चार दिवस झाले, अहमदीच्या ऑफिसात मी मीटिंगा उभ्याने करतोय आणि विचारणाऱ्यांना सांगतोय की पाठीला चांगलं असतं. हे पत्रही महबूल्याच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभा राहून लिहितोय. तुमच्या सुनेला काही झालेलं नाही. तिने बॅटरीवाली सायकल घेतली होती. चढ आला की "येते हं पुढे" म्हणून शेजारून निघून जायची.

पन्नाशीची भेट म्हणून तुमच्या नातीने ही सहल ठरवली. ईदच्या सुट्टीत, द्राक्षमळ्यांतून, सायकलवर. "बाबा, यू नीड टु मूव्ह," एवढंच तिचं म्हणणं. ज्या देशात सामानात बाटली सापडली तर नोकरीच जाईल, तिथून उठून मी वाइनच्या गावात गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी एका घोटाला असं तोंड केलं की वाढणाऱ्या बाईने न विचारता पाणी आणून ठेवलं. पुढचे दिवस मी पेल्यात कमी आणि वेलांकडे जास्त बघितलं. मार्चअखेर होती, पान एकही नव्हतं. उतारावर ओळीच्या ओळी, काड्या तारेवर वाकवून बांधलेल्या, आणि ओळींच्या टोकाला उभं राहिलं की मी पुन्हा तुमच्या सायकलच्या दांडीवर बसलेला असतो. तुम्ही बांधाला पाय टेकवून थांबलेले असता. शेती खात्यातला साधा सहाय्यक, पण बागाईतदार कात्री हातात धरून तुमच्या तोंडाकडे बघत असतो आणि तुम्ही काडीवरून बोट फिरवत डोळे मोजत असता. काडीवरच्या ज्या गाठीतून कोंब फुटतो तो डोळा, हे मला बाराखडीच्या आधी कळलं होतं. आणि मोजून झालं तरी कधीकधी तुम्ही म्हणायचात, "मला नक्की माहीत नाही. उद्या विचारून येतो." आणि उद्या यायचात.

तुम्ही मला एकदाच बोललात. मी सात-आठ वर्षांचा असेन. कोणी दारात येऊन विचारलं, नाना कुठे गेलेत? मला ठाऊक नव्हतं, पण गप्प कसं बसायचं, म्हणून ठोकून दिलं, निफाडला. तो बिचारा भर उन्हात निफाडला सायकल मारून आला. संध्याकाळी तुम्ही चेनला तेल घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणालात, "माहीत नसलं तर माहीत नाही म्हणावं. जीभ झिजत नाही त्याने." एवढंच. माझी जीभ मग दुसऱ्या कामांना झिजली. इथल्या मंडळाच्या अंकात मी दरवर्षी ज्यातलं मला कळत नाही अशा विषयांवर खुसखुशीत लिहितो, आणि लोक म्हणतात, काय अभ्यास आहे!

तर मुद्द्यावर येतो. मी इथे नवा होतो, महबूल्यातच तिघांच्या खोलीत. शुक्रवारी कार्ड घेऊन फोन करायचो. एका शुक्रवारी तुम्ही म्हणालात, "तुमच्या कंपनीत फ्रान्सचे कोणी साहेब असतील ना? त्यांना एक विचार. त्यांच्याकडे काडी किती डोळ्यांवर कापतात?" तुम्ही रिटायर झाला होतात, मागच्या दारी मांडवावर एकच वेल होता, आणि छाटणी तोंडावर आली होती. पुढच्या शुक्रवारी विचारलंत, "काय म्हणाले?" आमच्याकडे फ्रान्सचा कोणी नव्हता. एक स्कॉटिश होता, त्याला द्राक्ष बाटलीत गेल्याशिवाय ओळखू आलं नसतं. मी साफ विसरलो होतो.

"दोन," मी म्हणालो.

"दोनच?"

"दोनच. साहेब म्हणाला, कमी ठेवले की रस भरतो."

नाना, दोनवर थांबलो असतो तरी चाललं असतं. रस मी का भरला?

महिन्याभरात रजेवरून परतणाऱ्या एका नाशिककराबरोबर डबा आला. आत बेदाणे आणि तुमच्या अक्षरात चिठ्ठी: "साहेबांस. घरच्या वेलाचे आहेत." ते आम्ही तिघांनी दोन दिवसांत संपवले. खोलीतला सावंतवाडीचा वेल्डर मूठ भरत म्हणाला, "साहेबाक सांग, बेदाणे बरे आसत. पुढच्या टायमाक काजू धाडूक सांग." मी एवढा हसलो की ठसका लागला.

फेब्रुवारीत आईने फोन घेतला. "अरे, मांडवाला यंदा पालाच पाला. घड औषधालासुद्धा नाही. ह्यांनी त्या तुझ्या साहेबाचं ऐकून पार बुडख्याशी कापलं." मागून तुमचा आवाज आला, "साहेबाला कशाला बोलतेस? त्याने त्याच्या वेलाचं सांगितलं. आपली जात वेगळी, हे मला कळायला हवं होतं." मग फोन तुमच्या हातात आला आणि तुम्ही म्हणालात, "साहेबांना हे सांगू नकोस बरं का. उगीच मनाला लावून घेतील." कार्डात अजून अकरा मिनिटं होती. मी हवापाण्याचं बोललो. पुढच्या वर्षी मांडव लगडला, पण तुम्ही पौषातच गेला होतात. म्हणजे तुमच्या शेवटच्या हंगामात तुम्ही स्वतःच्या वेलाचं एक द्राक्ष खाल्लं नाहीत, आणि त्याआधीचे बेदाणे माझ्या पोटात होते. आईला मी हे कधी सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत त्या साहेबावर चिडून होती.

सहलीच्या पाचव्या दिवशी एका चढावर मी सायकल हातात धरून चालत होतो. तुमची सून केव्हाच वर पोचली होती. कडेच्या ओळीत एक म्हातारा काड्या बांधत होता. मी बांधाशी थांबलो. त्याला इंग्रजी मोडकं, मला फ्रेंच शून्य. मी काडीवरच्या डोळ्याला बोट लावलं, मग माझ्या डोळ्याला, आणि पाचही बोटं उघडून विचारलं, किती? तो हसला. बांधलेल्या काडीवरून त्याने बोट फिरवलं, अगदी तसंच, नाना, आणि मोजलं. आठ. शेजारच्या जाड वेलावर दहा. मी विचारलं, दोन? त्याने नाही म्हणून मान हलवली आणि खालच्या बाजूच्या एका जुन्या मळ्याकडे हात केला. "देअर, टू. अदर..." शब्द सापडेना, तेव्हा त्याने खांदे उडवले. "आस्क द प्लांट."

तर उत्तर असं आहे: आठ ते दहा. आणि वेलाला विचारावं. तुम्हाला ते आधीच माहीत होतं.

सायकलवर चघळायला तुमच्या सुनेने बेदाण्यांची पिशवी बांधून दिली होती. नाशिकचेच, पण बाजारातले. आपला वेल राहिला नाही. मी ती काढून त्याच्या मातीच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "फ्रॉम माय फादर." त्याने एक तोंडात टाकला, मान डोलावली, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे, चढाच्या रस्त्याकडे बघितलं. कोणी मागून सायकल मारत येतंय का, ते बघत होता. मीही वळून बघितलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा राहिलेलं एक खरंही सांगून टाकतो. पिशवी अर्धीच होती. अर्धे मी वाटेत खाल्ले होते.