टपोऱ्या दाण्यांचा निकाल

३ जून
चि. भाचीस, अ. उ. आशीर्वाद.
तुझ्या आजीच्या घेवड्याचे दोनशे दाणे तुझ्या प्रयोगशाळेत पाठवतोय. एवढी एकच बरणी उरली आहे. पेरू की नको, सांग. चष्मा लावून एकेक टपोरा दाणा निवडलाय. घराण्याची अब्रू तुझ्या हाती.
तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे लावून,
मामा

१८ जून
ति. मामांस, शि. सा. न.
शंभर दाणे ओल्या कागदात ठेवले. चौऱ्याण्णव रुजले. लगेच शेजाऱ्यांना सांगत सुटू नका. उरलेले शंभर जोम तपासायला आधी तीन दिवस एक्केचाळीस अंशांच्या दमट पेटीत ठेवले. मग बावीसच रुजले, तेही वेडेवाकडे. बी जिवंत आहे, पण जोम नाही. थंड, घट्ट माती त्याला झेपणार नाही. बियाणे म्हणून नापास.
लोभ आहे तो निकालामुळे कमी करू नये.
भाची

२२ जून
चि. पोरीस, आशीर्वाद.
निकाल वाचून मामा भडकले. म्हणाले, तीन दिवस वाफेत कोंडलं तर माणूस तरी उठेल का! आईचं बी संपलं म्हणून बरणी उकिरड्यावर ओतायला निघाले होते. मी ती लपवलीय. आता ऐक, आणि पोटात ठेव. मागे अचानक पाहुणे आले तेव्हा मी बरणीतले ओंजळभर दाणे शिजवले आणि वाण्याकडचे टपोरे आणून भर घातली. आजींचं बी बारीक. ह्यांनी नेमकं माझंच पाप वेचून तुला पाठवलं! सोबत पन्नास बारीक दाणे आहेत, तेही त्याच पेटीत घालून बघ.
जीव टांगणीला लागलेली,
मामी

६ जुलै
ति. मामांस, शि. सा. न.
नमुना डोळे मिटून काढायचा असतो. तुम्ही सौंदर्यस्पर्धा भरवलीत. मामीने पाठवलेल्या पन्नास बारीक दाण्यांपैकी त्रेचाळीस त्याच पेटीतून निघून सरळ रुजले. बारीक पेरा, टपोरे खा. टपोऱ्यांच्या पूर्वेतिहासावर अहवाल देण्याची आमच्याकडे पद्धत नाही.
माया असू द्यावी, मलाही आहे.
भाची

२० जुलै
चि. भाचीस, अ. उ. आशीर्वाद.
घेवडा ओळीने वर आलाय, वेलांना दोऱ्या बांधतोय. दाणे निवडायला मामी बसली होती. चष्म्याशिवाय दहा मिनिटांत बारीक-टपोरे वेगळे! शास्त्र तिला फार लवकर कळतं. टपोरे काल शिजवले. पहिल्याच घासाला ओळखलं, हा वाण्याचा माल. झकास झालंय म्हणालो आणि पुन्हा वाढून घेतलं. मला कळलंय हे तिला कळवू नकोस.
तुझ्यावर भरवसा ठेवून,
मामा